मेढेकोटाच्या आत आणि बाहेर
(पीटर लॉलर यांच्या चरित्राची प्रस्तावना)

डिसेंबर १८५४ मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीच्या सरकारने ज्याला पकडून देणाऱ्यास दोनशे पौंडांचे बक्षीस लावले होते, तो माणूस वर्षभराच्या आत त्याच वसाहतीच्या विधिमंडळात बिनविरोध निवडून गेला. आणखी एक वर्ष उलटले आणि ज्यांनी त्याला डोक्यावर घेतले होते त्यांनीच त्याच्याकडे राजीनामा मागितला. त्याने तो दिला नाही. पुढे तो मंत्री झाला, सात वर्षे विधानसभेचा अध्यक्ष राहिला, आणि १८८९ मध्ये वारला तेव्हा मेलबर्नमधल्या प्रतिष्ठितांत त्याची गणना होत होती. त्याचा डावा हात मात्र चौतीस वर्षांपूर्वीच, सरकारी गोळी लागून, खांद्यापासून कापावा लागला होता.

पीटर लॉलर या माणसाविषयी ऑस्ट्रेलियात दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक बंडखोराची, दुसरी बंडखोराच्या अधःपाताची. पहिली शाळेच्या पुस्तकांत असते, दुसरी कामगार चळवळीच्या बैठकांत. माझे म्हणणे असे की हा माणूस आयुष्यभर एकच होता. त्याने बंड ज्यासाठी केले त्याचसाठी पुढचे राजकारणही केले. कष्टाने मिळवलेल्या आपल्या तुकड्यावर कोणी मनमानी करू नये, एवढी त्याची मागणी होती. ही मागणी कोणाच्या वतीने आहे आणि कोण त्यात धरलेले नाही, हे विचारले की त्याच्या चरित्रातली कोडी सुटू लागतात. सुटतात म्हणजे सगळी सुखद होतात असे नाही.

मराठी वाचकाला आयर्लंड परके नाही. टिळकांनी १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन केली तेव्हा ते नावच आयरिश लोकांच्या चळवळीतून आले होते. पार्नेल, डी व्हॅलेरा ही नावे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला तोंडपाठ होती. पण त्याच आयर्लंडमधून समुद्र ओलांडून गेलेला माणूस दुसऱ्याच्या भूमीवर वसाहतकार म्हणून उभा राहतो तेव्हा काय होते, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. पिळवणूक सोसलेला माणूस नव्या जागी गेला की कोणाच्या बाजूने उभा राहील, हे आधी सांगता येत नाही. लॉलरच्या आयुष्यात या प्रश्नाचे उत्तर एकदा नव्हे, तीन-चारदा आणि वेगवेगळे मिळते.

त्याचा जन्म ५ फेब्रुवारी १८२७ चा, आयर्लंडच्या क्वीन्स काउंटीतल्या टेनाकिल या घरातला. आज त्या परगण्याचे नाव लीश आहे. घर गरिबाचे नव्हते. वडील पॅट्रिक लॉलर मोठी शेती करणारे कॅथलिक गृहस्थ होते. परधर्मीय चर्चसाठी कॅथलिक शेतकऱ्याने दशमांश का भरावा, असा प्रश्न विचारून त्यांनी १८३० च्या दशकाच्या सुरुवातीस तो भरायला उघड नकार दिला. सरकारने मेंढ्या जप्त केल्या, लिलाव पुकारला. पण त्या मेंढ्या विकत घ्यायला कोणी पुढे येईना. बहिष्कार या शस्त्राची ताकद या घरातल्या मुलांनी बालपणीच पाहिली. १८३२ मध्ये पॅट्रिक लॉलर ब्रिटिश संसदेवर निवडून गेले. म्हणजे कायदा मोडणे आणि कायदेमंडळात बसणे यांत विरोध आहे असे या घराला कधी वाटलेच नाही. मुलाच्या पुढच्या आयुष्याचा पाया इथे आहे.

थोरला भाऊ जेम्स फिंटन लॉलर याने तर याच्याही पुढचे पाऊल टाकले. शरीराने अधू, प्रकृतीने नाजूक असा हा माणूस १८४७ मध्ये चार्ल्स गॅव्हन डफी यांच्या 'नेशन' या पत्रातून लिहू लागला. आयर्लंडची जमीन जमीनदारांची नाही, ती आयर्लंडच्या लोकांची आहे. स्वराज्याचा प्रश्न मुळात जमिनीचा प्रश्न आहे, ही त्याची मांडणी. तेव्हा बटाट्याच्या रोगाने देश उपाशी मरत होता. दहा लाखांच्या आसपास माणसे दुष्काळाने आणि साथींनी गेली, त्याहून अधिक जहाजात बसून निघून गेली, आणि त्याच वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्य बाहेर जात होते. १८४८ च्या फसलेल्या उठावाच्या सुमारास फिंटन तुरुंगात गेला, सुटला आणि १८४९ च्या डिसेंबरात वारला. आणखी एक भाऊ, रिचर्ड, पुढे पार्नेलच्या पक्षातून संसदेत गेला. अशा घरातला धाकटा मुलगा कार्लोला आणि डब्लिनला शिकून स्थापत्य अभियंता झाला आणि १८५२ मध्ये ऑस्ट्रेलियाला निघाला. राजकारण करायला नव्हे, नशीब काढायला.

व्हिक्टोरियात १८५१ मध्ये सोने सापडले होते. त्या वर्षी वसाहतीत पाऊण लाखाच्या आसपास लोक होते. दहा वर्षांत ते पाच लाखांवर गेले. लॉलर आधी मेलबर्न-जिलाँग रेल्वेच्या कामावर राहिला, मग मेलबर्नमध्ये भागीदारीत दारू आणि किराणा मालाचा व्यापार केला, १८५३ मध्ये ओव्हन्सच्या सोन्याच्या मुलखात गेला आणि १८५४ च्या सुरुवातीस बॅलराटला आला. तिथे युरेका नावाच्या पट्ट्यात त्याने आपला खड्डा आखला. त्याच्या शेजारच्या खड्ड्यावर राबणारा डंकन गिलीज हा स्कॉटिश तरुण पुढे व्हिक्टोरियाचा पंतप्रधान झाला. त्या चिखलातून किती जणांच्या राजकीय कारकिर्दी निघाल्या, याची ही नुसती चुणूक.

ही जमीन वाडवुरुंग लोकांची होती. १८३० च्या दशकाच्या शेवटी मेंढ्यांचे कळप घेऊन आलेल्या गोऱ्यांनी ती बळकावली आणि सोने सापडेपर्यंत तिथली कुरणे बड्या पट्टेदारांच्या ताब्यात गेली होती. १८५१ मध्ये बॅलराटला परवान्याची वसुली करायला जे पोलिस पहिल्यांदा आले तेही आदिवासी शिपायांच्या तुकडीतले होते, गोऱ्या अधिकाऱ्याच्या हुकमतीखालचे. 'जमीन तिथल्या लोकांची' असे लिहिणाऱ्याचा सख्खा भाऊ वाडवुरुंगांच्या जमिनीत खड्डा आखतो, आणि हा प्रश्न त्याच्या मनाला शिवल्याची एकही खूण त्याच्या सार्वजनिक आयुष्यात दिसत नाही. त्या काळाचा माणूस, असे म्हणून हे सोडून देण्याची प्रथा आहे. मला ती मान्य नाही. फिंटनही त्याच काळाचा होता, आणि जमिनीच्या मालकीचा प्रश्न मुळापासून विचारण्याची ताकद त्या घरात होती. ती ताकद समुद्र ओलांडून आली. फक्त वाडवुरुंगांच्या बाबतीत कधी वापरली गेली नाही.

बॅलराटचे सोने वरवर सापडत नसे. जुन्या नद्यांची पात्रे बेसॉल्ट आणि चिकणमातीच्या थरांखाली गाडली गेली होती. तिथवर पोहोचायला शंभर फुटांहून खोल विहिरी खणाव्या लागत, लाकडी फळ्यांनी त्यांच्या भिंती तोलून धराव्या लागत, रात्रंदिवस पाणी उपसावे लागे. सहा-आठ महिने राबल्यावर खाली सोने लागेल, नाहीतर कोरडी वाळू. या काळात कमाई शून्य, पण सरकारी परवान्याचे पैसे चालूच. आधी महिन्याला तीस शिलिंग, मग काहीसे कमी. सोने सापडो न सापडो, कर तोच. मेंढ्यांच्या कुरणांचे पट्टेदार मात्र हजारो एकर सरकारी जमीन नाममात्र रकमेत भोगत होते, आणि कायदेमंडळात बसत होते तेच. सोने खणणाऱ्याला मतच नव्हते.

त्यात तपासणीची पद्धत. घोड्यावरचे पोलिस अचानक वस्तीत शिरत आणि परवाना दाखव म्हणून माणसाला विहिरीतून वर ओढत. कपडे बदलताना परवाना तंबूत राहिला असेल, भिजून त्याचा लगदा झाला असेल, तरी अटक. कोठडी भरली की कैद्यांना झाडाच्या ओंडक्याला साखळीने बांधून ठेवत. जून १८५४ मध्ये आलेला गव्हर्नर सर चार्ल्स हॉथम हा नौदलाचा शिस्तखोर अधिकारी. त्याला तिजोरीतली तूट भरून काढायची होती. त्याने आठवड्यातून दोनदा तपासणीचा हुकूम सोडला.

ऑक्टोबरात जेम्स स्कोबी या स्कॉटिश खाणकऱ्याचा युरेका हॉटेलाजवळ खून झाला. हॉटेलमालक बेंटलीवर संशय होता, पण न्यायाधीश त्याचा स्नेही निघाला आणि बेंटली सुटला. १७ ऑक्टोबरला हजारोंचा जमाव जमला आणि हॉटेल जळून खाक झाले. ११ नोव्हेंबरला बेकरी हिलवर बॅलराट रिफॉर्म लीगची स्थापना झाली. वेल्सचा जॉन हम्फ्रे आणि इंग्लंडच्या चार्टिस्ट चळवळीत मुरलेले काही जण तिच्या पुढे होते. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, आमदारकीसाठी मालमत्तेची अट रद्द, आमदारांना वेतन अशा त्यांच्या मागण्या. लॉलर या सभांना असे, पण पहिल्या रांगेत नव्हता. हे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे त्याच्यावर जो विश्वासघाताचा आरोप झाला त्याचे उत्तर यात आहे. चार्टिस्टांचा कार्यक्रम त्यांचा होता. लॉलरने तो आपला म्हणून कधी हातात घेतला नव्हता.

२९ नोव्हेंबरच्या प्रचंड सभेत निळ्या कापडावर पांढरा क्रॉस आणि तारे असलेला दक्षिण क्रॉसचा झेंडा फडकला, परवान्यांची होळी झाली. लॉलर त्या दिवशी पहिल्यांदा व्यासपीठावर बोलला. दुसऱ्याच दिवशी कमिशनर रॉबर्ट रीडने मुद्दाम तपासणी काढली. गोळ्या चालल्या. संतापलेली माणसे पुन्हा बेकरी हिलवर जमली, आणि आदल्या दिवसाचे पुढारी तिथे नव्हते. शांततेच्या मार्गाने जाऊ पाहणारा हम्फ्रे मागे राहिला होता. त्या पोकळीत सत्तावीस वर्षांचा लॉलर हातात बंदूक घेऊन एका ओंडक्यावर चढला. त्याने स्वयंसेवकांना पुढे बोलावले, गुडघे टेकायला लावले आणि झेंड्याकडे हात करून एकमेकांच्या पाठीशी उभे राहण्याची, आपले हक्क राखण्याची शपथ घ्यायला लावली. शपथेत राजाचे नाव नाही, प्रजासत्ताकाचे नाही, चार्टरचेही नाही. एकमेकांचा आधार आणि आपले हक्क, बस. मला ही शपथ लॉलरच्या सगळ्या राजकारणाची किल्ली वाटते.

मग मेढेकोट उभा राहिला. विहिरीच्या भिंतींना लावायच्या फळ्या, उलट्या केलेल्या गाड्या, दोरखंड, यांचा सुमारे एकरभराचा वेढा. आत आयरिश सर्वाधिक, पण इंग्लिश, स्कॉट, अमेरिकन, जर्मन, कॅनडाचेही. इटलीचा राफाएलो कार्बोनी तिथे होता. मॅझिनीच्या 'तरुण इटली' चळवळीतून आलेला. ज्या मॅझिनीला सावरकरांनी १९०७ मध्ये मराठीत आणले त्याचा अनुयायी अर्धशतक आधी बॅलराटच्या चिखलात परकी भाषा बोलणाऱ्यांना लॉलरचे हुकूम समजावून सांगत होता. कार्बोनीने १८५५ मध्ये या घटनेवर पुस्तक लिहिले. प्रत्यक्ष सहभागी माणसाने लिहिलेला तो मोठा वृत्तांत आहे. शनिवारी रात्री परवलीचा शब्द 'व्हिनेगर हिल' ठरला. १७९८ च्या आयरिश बंडाची ती रणभूमी. या शब्दाने अनेक बिगर-आयरिश मागे हटले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लॉलरची ही चूक मोठी होती. सर्वांचा म्हणून सुरू झालेला लढा एका रात्रीत एका जमातीचा दिसू लागला.

रविवारी सरकार हल्ला करणार नाही या समजुतीने बरेच जण रात्री आपापल्या तंबूंत गेले. ३ डिसेंबरच्या पहाटे आत दीडशेच्या आसपास माणसे उरली होती. बाहेरून पावणेतीनशेच्या घरात सैनिक आणि पोलिस आले. त्यांत चाळिसाव्या पलटणीचे जवान होते, आणि या पलटणीचे नाव मराठी वाचकाने थांबून वाचावे असे आहे. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूरच्या लढाईत ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या तोफांवर जी ब्रिटिश फौज चालून गेली तिच्यात हीच चाळिसावी पलटण होती. त्याआधी ती कंदाहार, गझनी आणि काबूलला लढली होती. साम्राज्य एकच, पलटण एकच. अकरा वर्षांच्या अंतराने समोरची माणसे तेवढी बदलली. शिंद्यांच्या सैन्याने तोफा सोडल्या नाहीत, तिथेच मरण पत्करले. बॅलराटच्या खणणाऱ्यांकडे तोफा नव्हत्या. काहींकडे काठीला पाते ठोकून केलेले भालेच होते.

पाव तासात सगळे आटोपले. लॉलरच्या डाव्या खांद्यात गोळी शिरली. सोबत्यांनी त्याला फळ्यांखाली लपवले, म्हणून तो वाचला. शरण आलेल्यांना, जखमींना, मेढेकोटाशी संबंध नसलेल्यांनाही पोलिसांनी भोसकले आणि तंबू पेटवले. लॉलरने पुढे दिलेल्या यादीत खणणाऱ्यांचे बावीस मृत्यू आहेत. सरकारी बाजूचे कॅप्टन हेन्री वाइज आणि काही शिपाई गेले. रात्री लॉलरला फादर स्मिथ यांच्या घरी नेले, तिथे हात कापला गेला. मग मालाच्या गाडीत लपवून जिलाँगला. तिथे शिक्षिका असलेल्या अॅलिशिया डन हिने त्याची शुश्रूषा केली. दोघांचे लग्न ठरलेले होते आणि ते १० जुलै १८५५ ला झाले. या तरुणीबद्दल पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, ते असायलाच हवे होते. तिच्या धैर्याशिवाय या चरित्राचा पुढचा अर्धा भाग घडला नसता.

सरकारने तेरा जणांवर राजद्रोहाचे खटले भरले. पहिला जॉन जोसेफ, अमेरिकेतला कृष्णवर्णीय. मेलबर्नच्या ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले आणि लोकांनी त्याला खुर्चीत बसवून शहरभर मिरवले. मग एकामागून एक तेराही सुटले. 'बॅलराट टाइम्स'चा संपादक हेन्री सीकँप मात्र लिखाणापायी तुरुंगात गेला आणि त्याची पत्नी क्लारा हिने पत्र चालवले. मार्च १८५५ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. मासिक परवाना गेला. त्याजागी वर्षाला एक पौंड भरून मिळणारा खाणकऱ्याचा हक्कलेख आला, आणि त्यासोबत मतही. सोन्याच्या मुलखाला कायदेमंडळात आठ जागा मिळाल्या. कार्ल मार्क्सने त्याच वर्षी एका जर्मन वृत्तपत्रात या घटनेची दखल घेतली. हरलेल्या लढाईने एवढे मिळवून देण्याची उदाहरणे इतिहासात थोडी आहेत.

मात्र त्याच अहवालात चिनी लोकांना रोखण्याची शिफारसही होती. १८५५ च्या जूनमध्ये कायदा झाला: व्हिक्टोरियात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसामागे दहा पौंड, आणि जहाजाच्या दर दहा टन वजनाला एकच चिनी प्रवासी. तो चुकवायला हजारो चिनी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रोब बंदरात उतरून शेकडो मैल पायी चालत खाणींवर आले. गोऱ्या खणणाऱ्याच्या डोक्यावरचा कर हटला त्याच वर्षी तो चिनी खणणाऱ्याच्या डोक्यावर बसला. युरेकाच्या गौरवग्रंथांत ही दोन वाक्ये सहसा एकाच पानावर येत नाहीत. या चरित्रात ती एकत्र आहेत, आणि एवढ्यासाठीही मला त्याचे मोल वाटते.

नोव्हेंबर १८५५ मध्ये लॉलर आणि हम्फ्रे बॅलराटमधून बिनविरोध निवडून गेले. वर्षभरात नवी विधानसभा आली, त्यातही लॉलर बिनविरोध. व्हिक्टोरियात १८५६ मध्ये गुप्त मतदान कायद्याने आले. जगात ही पद्धत आधी स्वीकारणाऱ्या ठिकाणांत हे एक, आणि आपण आज मतदान केंद्रावर पडद्याआड जातो त्या रीतीचा तिथे उगम सापडतो. पण १८५६ च्या अखेरीस मतदार विधेयकावर लॉलरने जे मत दिले त्याने बॅलराट हादरले. सहा महिन्यांच्या वास्तव्याची अट आणि मालमत्तेमुळे मिळणारी जादा मते यांना त्याचा पाठिंबा होता. सोन्याच्या वार्तेमागे आज इथे, उद्या तिथे जाणाऱ्या खणणाऱ्याला सहा महिने एका जागी राहणे जमणार कसे? मतदारांनी सह्यांचा अर्ज करून राजीनामा मागितला. जानेवारी १८५७ मध्ये लॉलरने जाहीर पत्राने उत्तर दिले. चार्टिस्ट, साम्यवादी किंवा प्रजासत्ताकवादी या अर्थाने लोकशाहीवादी आपण कधी नव्हतो, आजही नाही. पण जुलमी सरकारला, जुलमी वृत्तपत्रांना आणि जुलमी जमावाला विरोध करणे म्हणजे लोकशाही असेल तर आपण तसे होतो आणि राहू, असा त्याचा आशय.

हे पत्र वाचून अनेकांनी त्याला संधिसाधू ठरवले. मी हे पत्र प्रामाणिक मानतो. यातला माणूस टेनाकिलच्या घरातलाच आहे. त्या घराला दशमांशाचा जुलूम नको होता, पण शेती, कुळ, मालमत्ता ही व्यवस्था हवी होती. लॉलरच्या मते ज्याने जमिनीत पाय रोवले त्याला मत, फिरस्त्याला नाही. बंडाच्या वेळी त्याच्या मागे उभे असलेले बहुतेक फिरस्तेच होते, हे त्याला दिसले नाही की दिसून चालवून घेतले, याचा निवाडा वाचकाने करावा. माझ्या मते दिसले होते. तो चतुर माणूस होता. आणि इथे तो चुकला, प्रामाणिकपणे चुकला असला तरी. वसाहतीने त्याचे ऐकले नाही: १८५७ मध्ये व्हिक्टोरियाने विधानसभेसाठी प्रौढ पुरुषांचा मताधिकार मान्य केला.

मधली वर्षे मी इथे भराभर ओलांडतो. पुस्तकात ती सविस्तर आहेत. १८५९ पासून साउथ ग्रँट मतदारसंघ, १८७१ मध्ये पराभव, नंतर पुनरागमन, ग्रॅहम बेरीच्या मंत्रिमंडळात जकात खाते. पण डिसेंबर १८७३ पाशी थांबायलाच हवे.

क्लून्स हे बॅलराटपासून जवळचे सोन्याचे गाव. तिथल्या लोथेअर खाण कंपनीच्या संचालकांत लॉलर होता. आता सोने एकेकट्याच्या खड्ड्यातून निघत नव्हते. क्वार्ट्झचा खडक फोडायला वाफेची यंत्रे, भागभांडवल आणि मजुरीवर राबणारी माणसे लागत. शनिवार दुपारी आणि रविवारी कामाला जुंपू नये या मागणीसाठी खाणकऱ्यांनी संप केला होता. कंपनीने संप मोडायला बॅलराटहून चिनी मजूर आणायचे ठरवले. ९ डिसेंबरला पोलिसांच्या पहाऱ्यात घोडागाड्या निघाल्या. क्लून्सच्या लोकांनी रस्त्यावर अडसर उभारला. बायकांनीही दगड फेकले. गाड्या परत फिरल्या आणि अखेर कंपनीला माघार घ्यावी लागली.

या प्रसंगाने लॉलरच्या टीकाकारांना हवे ते मिळाले: मेढेकोट बांधणारा आता पोलिसांच्या मदतीने मेढेकोट फोडू पाहतो. आरोप खरा आहे. मला मात्र या दृश्यात तिसरीकडेही पाहावेसे वाटते, त्या गाड्यांत बसलेल्या माणसांकडे. कंपनीला ते स्वस्त हात म्हणून हवे होते, संपकऱ्यांना ते गावात नको होते, आणि दगड लागले ते त्यांना. एकमेकांच्या पाठीशी उभे राहण्याची जी शपथ १८५४ मध्ये घेतली गेली तिच्यात ते तेव्हाही नव्हते. लॉलर आणि क्लून्सचे संपकरी एकमेकांचे शत्रू झाले होते, पण चिनी माणूस आपल्यातला नाही याबद्दल दोघांत मतभेद नव्हता. पुढे श्वेत ऑस्ट्रेलियाचे जे धोरण विसाव्या शतकाच्या मोठ्या भागावर पसरले, आणि ज्याने हिंदी माणसालाही दारातून परत पाठवले, त्याची मुळे या सहमतीत आहेत.

अध्यक्षपदाचा शेवटचा टप्पा त्याला शोभला. १८८० या एका वर्षात व्हिक्टोरियाच्या विधानसभेला तीन अध्यक्ष झाले. आधी गॅव्हन डफी, फिंटनचे लेख छापणारा, आयर्लंडमध्ये राजद्रोहाच्या खटल्याला तोंड दिलेला. मग थोडे आठवडे सर चार्ल्स मॅकमॅहन, एके काळचा वसाहतीचा पोलिसप्रमुख. आणि त्याच्यानंतर लॉलर. बंडखोर, पोलिस आणि बंडखोर एकाच खुर्चीवर लागोपाठ बसले. लॉलरने सभागृह कडक शिस्तीने आणि निःपक्षपातीपणे चालवले, हे त्याचे विरोधकही मान्य करत. १८८७ मध्ये अॅलिशिया गेली. प्रकृतीही ढासळली होती. त्याच वर्षी त्याने पद सोडले. विधिमंडळाने त्याला चार हजार पौंड दिले. 'सर' ही पदवी त्याने नाकारली होती. ९ फेब्रुवारी १८८९ ला तो वारला. नातू कॅप्टन जोसेफ पीटर लॉलर २५ एप्रिल १९१५ ला गॅलिपोलीत पडला, ब्रिटिश साम्राज्यासाठी लढताना.

बॅलराटच्या स्टर्ट स्ट्रीटवरचा त्याचा पुतळा १८९३ चा आहे, अध्यक्षाच्या झग्यातला. झेंडा एका पोलिसाच्या कुटुंबाकडे राहिला, १८९५ मध्ये बॅलराटच्या कलादालनात आला, आणि आज कामगार संघटना त्याच्या प्रतिकृती मिरवतात, तर कधी परदेशी लोकांचा द्वेष करणारे गटही. दोघांनाही इतिहासात आधार सापडतो, हेच दुःखद आहे. लॉलरच्या नावाचा एक मतदारसंघ ऑस्ट्रेलियाच्या संसदेत १९४९ पासून आहे. माजी पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड तिथूनच निवडून येत. वेरिबी, टार्नीट ही मेलबर्नच्या पश्चिमेची उपनगरे त्यात येतात, आणि आज तिथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. मराठी घरेही आहेत. ज्या वसाहतीने एके काळी आशियाई माणसाच्या डोक्यावर दहा पौंड बसवले तिथे लॉलरच्या नावाच्या मतदारसंघात आपली माणसे आज मत देतात.

चरित्रनायक निर्मळ निघाला नाही की पुस्तक बाजूला ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. या पुस्तकाच्या बाबतीत ती मोडावी. युरेकाच्या पहाटेचे प्रकरण वाचताना छाती भरून येईल. तिथे थांबू नये. क्लून्सचे प्रकरण तितक्याच सावकाश वाचावे, आणि वाडवुरुंगांविषयीची पाने वाचल्याशिवाय लॉलरबद्दल मत बनवू नये.